भावाच्या खुन्याला फाशी नको वाटते, मी चुकतेय का?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाचा चार वर्षांपूर्वी खून झाला. वय एकोणतीस, लग्न व्हायचं होतं, घर त्याच्याच पगारावर चालायचं. मारणारा ओळखीतलाच. पैशांवरून वाद होता. ज्या क्रूरपणे मारलं ते लिहायची माझ्यात ताकद नाही. गेल्या आठवड्यात सत्र न्यायालयाने त्याला दोषी धरलं. आता शिक्षेवर सुनावणी आहे आणि सरकारी वकील फाशी मागणार आहेत. काकांनी एक अर्ज लिहून आणलाय : ‘आम्हा सर्व कुटुंबीयांची आरोपीला फाशी व्हावी अशी मागणी आहे.’ सगळ्यांच्या सह्या झाल्या, आई आणि मी राहिलोय. माझा हात उचलत नाही. तो माणूस सुटू नये असं मला मनापासून वाटतं. त्याचं तोंडही मला बघवत नाही. पण त्याला फासावर दिलं हे ऐकून बरं वाटेल, असं मनाची कितीही समजूत घातली तरी वाटत नाही, उलट धास्ती वाटते. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘स्वतःचा भाऊ होता ना गं तो?’ बाबा ६८ वर्षांचे आहेत. चार वर्षांत त्यांनी एकही तारीख चुकवली नाही. त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? आई काही बोलत नाही. एकदाच म्हणाली, ‘त्याची आई पण येते कोर्टात. जिन्यात बसते.’ मी भावाशी बेइमानी करतेय का? माझं म्हणणं कोर्टाला सांगता येतं का? तो माणूस सुटायला नकोच आहे मला, हे पुन्हा सांगते. – एक बहीण

उत्तर :

ताई,

अर्जावर सही करू नका. हे आधी सांगते, कारण तारीख जवळ आली आहे. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल. कागदावर ‘सर्व कुटुंबीय’ लिहिलंय आणि तुमचं मत तसं नाही. भावाच्या खटल्यात दाखल होणाऱ्या कागदावर खोटं असू नये, एवढं कारण मला पुरेसं वाटतं. काकांशी भांडू नका. ज्यांना तसं वाटतं त्यांच्या नावांनी अर्ज जरूर द्या, माझं नाव त्यात नको, एवढंच शांतपणे सांगा. आणि त्यांना ‘का’चं उत्तर देण्याआधी बाबांशी बोला. बाबांना ही गोष्ट काकांच्या तोंडून कळली तर ती तुमची उरणार नाही.

आता बेइमानीबद्दल. तुमचं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. त्या माणसाबद्दल त्यात दयेचा एक शब्द नाही. तो सुटू नये, हे तुम्ही दोनदा लिहिलंत. तरीही नवऱ्याच्या एका प्रश्नाने तुम्ही स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात नेऊन उभं केलंत. ज्या घरात खून झाला त्या घराने फाशी मागायचीच, हे बाकीच्यांनी ठरवून टाकलेलं असतं. मागितली नाही, की लोक दोनच अर्थ काढतात : गेलेल्यावर माया कमी होती, नाहीतर मारणाऱ्याला माफ केलं. तुमच्या बाबतीत दोन्ही चूक आहेत.

मी स्वतः फाशीच्या विरोधात आहे, हे तुमच्यापासून लपवत नाही. पण तुम्ही माझ्या बाजूच्या निघालात म्हणून हे लिहीत नाही. तुमच्या वडिलांनी मला पत्र लिहिलं असतं, तर त्यांना फाशी मागण्यावरून मी एक शब्दही बोलले नसते. त्यांचा मुलगा गेला आहे.

माफी आणि शिक्षा या दोन गोष्टी एकमेकींपासून किती लांब असू शकतात, हे ग्लॅडिस स्टेन्स यांच्याकडे पाहून कळतं. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातल्या मनोहरपूर गावात त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप, टिमोथी ही दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जमावाने जाळून मारली. त्यांनी मारेकऱ्यांना माफ केल्याचं जाहीर सांगितलं, पण त्याच वेळी हेही स्पष्ट केलं की माफी हा आपल्या मनाचा प्रश्न आहे आणि शिक्षा हा कायद्याचा, या दोन्हींची गल्लत करू नये. तुमचं नेमकं उलट आहे. तुम्ही माफ केलेलं नाही आणि तरी फाशी नको आहे. हेही तितकंच सरळ आहे. आयुष्यभर माफ केलं नाहीत, तरी फाशीच्या विरोधात उभं राहायचा तुमचा हक्क कमी होत नाही. माफ करा म्हणून गळ घालणारे लोक पुढे भेटतील. त्यांनाही ऐकवा की तो तुमचा प्रश्न आहे. जानेवारी २०२० मध्ये एका ज्येष्ठ वकिलांनी निर्भयाच्या आईला, सोनिया गांधींनी राजीव गांधींच्या हत्येतली दोषी नलिनी हिच्या बाबतीत दाखवलं तसं मोठं मन दाखवा, असं जाहीर आवाहन केलं होतं. त्या आईने संतापून, असा सल्ला देणाऱ्या तुम्ही कोण, असं विचारलं. मी फाशीविरोधी असूनही त्या आईचा संताप मला रास्त वाटतो. दुःख ज्याचं, त्याच्यापुढे दुसऱ्याचं मोठं मन ठेवून ‘बघ, असं व्हायचं असतं’ म्हणू नये.

म्हणून इथून पुढे काही माणसांबद्दल सांगणार आहे ती तुम्ही त्यांच्यासारखं व्हावं म्हणून नाही. तुम्हाला वाटतंय ते जगात तुम्हाला एकटीलाच वाटत नाही, एवढंच कळावं म्हणून.

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात रेनी कुशिंग नावाचे गृहस्थ होते. १९८८ मध्ये त्यांच्या वडिलांना राहत्या घराच्या दारात गोळ्या घालून मारलं. मारेकरी पकडले गेले त्यानंतर एक ओळखीचा माणूस भेटला आणि मनापासून सांत्वन करत म्हणाला, त्यांना देहदंड होवो, म्हणजे तुमच्या घरच्यांना थोडी शांती मिळेल. कुशिंग आधीपासून देहदंडाच्या विरोधात होते. खुनामुळे आपण मत बदललं असतं, तर मारेकऱ्यांनी वडील तर नेलेच, वडिलांनी दिलेली मूल्यंही नेली असती, असं ते पुढे सांगत राहिले. असाच अनुभव आलेल्या कुटुंबांना त्यांनी एकत्र आणलं, राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले, आणि ३० मे २०१९ रोजी त्या राज्याने राज्यपालांचा नकार मोडीत काढून मृत्युदंड रद्द केला. ते सांत्वन करणारा माणूस आणि तुमचे काका मला एकाच मातीचे वाटतात. दोघांनाही वाईट करायचं नाही. दोघांनाही तुमच्यासाठी काहीतरी करायचं आहे आणि फाशी मागण्यापलीकडे काय करावं हे त्यांना सुचत नाही.

बड वेल्च यांचं वेगळं होतं. १९ एप्रिल १९९५ रोजी ओक्लाहोमा सिटीतल्या सरकारी इमारतीत बॉम्बस्फोट झाला, १६८ माणसं गेली, त्यात त्यांची २३ वर्षांची मुलगी ज्युली होती. पहिले काही महिने तो स्फोट घडवणाऱ्या टिमोथी मॅकव्हेला खटल्याशिवायच मारून टाकावं असं वाटत होतं, हे ते उघड सांगत. दारू वाढली होती. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की सूडाच्या याच भावनेतून तो बॉम्ब ठेवला गेला होता, आणि मॅकव्हे मेला तरी ज्युली परत येणार नाही. १९९८ मध्ये ते मॅकव्हेच्या वडिलांना त्यांच्या घरी जाऊन भेटले. मॅकव्हेला ११ जून २००१ रोजी मृत्युदंड देण्यात आला. वेल्च यांच्या म्हणण्याने तो थांबला नाही. तुम्हालाही हे माहीत असावं : फाशी नको म्हणणाऱ्या घरच्यांचं कोर्ट किंवा सरकार ऐकतंच असं नाही. गांधीजींच्या मणिलाल आणि रामदास या दोन मुलांनी मारेकऱ्यांची फाशी रद्द व्हावी अशी विनंती केली होती, तरी नथुराम गोडसे आणि नारायण आपटे यांना १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात फाशी झालीच. कधीकधी ऐकलं जातं. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आई अल्बर्टा यांना १९७४ मध्ये चर्चमध्ये गोळ्या घालून मारणाऱ्याला मृत्युदंड ठोठावला होता. किंग कुटुंबाचा त्याला विरोध होता, आणि १९९५ मध्ये ती शिक्षा जन्मठेपेत बदलली तेव्हा या विरोधाचाही विचार झाला. नवरा आणि सासू दोघंही खुनात गमावलेल्या कोरेटा किंग शेवटपर्यंत देहदंडाच्या विरोधात बोलत राहिल्या. त्यांचं प्रेम कमी होतं असं म्हणायची कुणाची छाती होईल?

आणि एकाच गुन्ह्यातली सगळी कुटुंबं एका मताची असतात असंही नाही. नलिनीची फाशी रद्द व्हायला हरकत नाही असं सोनिया गांधींनी कळवलं, २००० मध्ये ती जन्मठेपेत बदलली. पण श्रीपेरुंबुदूरच्या त्याच स्फोटात घरचं माणूस गमावलेल्या काहींना २०२२ मध्ये दोषींची सुटका झाली ती मुळीच पटली नाही. वेगवेगळ्या घरांत हे होतं, तर एकाच घरात का होणार नाही? तुम्ही आणि बाबा एकाच माणसासाठी रडता आहात, तरी मागणं वेगळं आहे.

आता तुमचा व्यवहाराचा प्रश्न. माझी एवढीच विनंती की यातलं प्रत्येक पाऊल टाकण्याआधी एखाद्या फौजदारी वकिलाचा सल्ला घ्या, कारण तुमच्या खटल्याचे कागद त्यालाच दिसतील.

खून हा तडजोडीने मिटणारा गुन्हा नाही. तुमच्या माफीने आरोपी सुटत नाही आणि बाबांच्या मागणीने तो फासावर जात नाही. खटला सरकार विरुद्ध आरोपी असा आहे. खुनाला कमीत कमी शिक्षा जन्मठेप आहे, म्हणजे प्रश्न फक्त जन्मठेप की फाशी, एवढाच उरलाय. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये बचनसिंग खटल्यात सांगितलं की जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद, तोही दुर्मिळातल्या दुर्मिळ प्रकरणापुरता. गुन्हा कसा घडला यासोबत गुन्हेगाराची परिस्थिती आणि तो सुधारण्याची शक्यता न्यायाधीशांना पाहावी लागते. सुधारणार नाहीच, हे सरकार पक्षाने पुराव्याने दाखवायचं असतं. घरच्यांना काय हवंय यावर हे ठरत नाही. मला वाटतं ही गोष्ट तुम्हाला आणि बाबांना दोघांनाही थोडी हलकी करेल. कुणाला मारण्याचं किंवा जगवण्याचं ओझं तुमच्या सहीवर नाही.

तरीही तुमचं म्हणणं कोर्टापुढे ठेवायचं असेल तर वाट आहे. दोषी ठरवल्यानंतर शिक्षेवर वेगळी सुनावणी होते, तुमची आता तीच आहे. पीडिताला कोर्टाच्या परवानगीने सरकारी वकिलाच्या मदतीला स्वतःचा वकील देता येतो. त्या वकिलामार्फत लेखी निवेदन देता येतं. ते स्वीकारायचं की नाही आणि त्याला किती वजन द्यायचं, हे न्यायाधीश ठरवतात. एक अडचण येऊ शकते. कायद्यात पीडिताच्या व्याख्येत कायदेशीर वारस येतात, आणि लग्न न झालेल्या भावाचे वारस म्हणून आईवडील बहिणीच्या आधी धरले जाऊ शकतात. म्हणजे कायद्याच्या नजरेत तुमच्यापेक्षा आईचा शब्द अधिक जवळचा ठरू शकतो. वकिलाला हे सुरुवातीलाच विचारा. आणि हे वाचून लगेच आईकडे धावू नका. तिच्याबद्दल पुढे लिहिते.

निवेदन दिलंच तर लहान असू द्या. भाऊ कसा होता, त्याच्या जाण्याने घराचं काय झालं, हे लिहा. आरोपी सुटू नये असं वाटतं हे लिहा. त्याला फाशी व्हावी अशी माझी मागणी नाही, आणि हे कुणाच्या दबावाने लिहीत नाही, हेही लिहा. बस. ते तुमच्या शब्दांत हवं. आरोपीचा वकील किंवा नातेवाईक मजकूर लिहून आणतील, पैशांचं बोलतील, गोड बोलतील किंवा घाबरवतील, तर त्यातलं काहीच स्वीकारू नका. ताबडतोब सरकारी वकिलांना आणि पोलिसांना कळवा. साक्षीदारांना धोका असेल तर संरक्षण मागता येतं, त्यासाठी २०१८ पासून योजना आहे. कॅमेऱ्यापुढे तर अजिबात बोलू नका, निदान घरातलं बोलून होईपर्यंत. ‘बाप म्हणतो फाशी, बहीण म्हणते नको’ अशी बातमी एकदा चालली की तुम्हा दोघांना पुन्हा एकमेकांशी साधं बोलता येणार नाही.

जन्मठेपेबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं, कारण बाबांच्या मनात काय आहे याचा धागा मला तिथे सापडेलसं वाटतं. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, मग माणूस बाहेर, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य. खुनासारख्या गुन्ह्यात चौदा वर्षं प्रत्यक्ष तुरुंगात काढल्याशिवाय सरकारला शिक्षेत सूट देऊन सोडता येत नाही, आणि चौदा झाली म्हणजे सुटका हक्काने मिळते असं नव्हे. पॅरोल, फर्लो अशा तुरुंगातून तात्पुरत्या रजा मिळतात, ते खरं आहे, आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला ते टोचतं हेही खरं. पण २००८ पासून सर्वोच्च न्यायालय काही प्रकरणांत वीस, पंचवीस, तीस वर्षं किंवा मरेपर्यंत सूट न देता तुरुंगात ठेवण्याची शिक्षा देत आलं आहे. २०१५ मध्ये घटनापीठाने ते योग्य ठरवलं आणि अशी शिक्षा उच्च आणि सर्वोच्च न्यायालयच देऊ शकतं असं सांगितलं. म्हणजे ‘फाशी नाही तर मोकळा’ असा हिशेब नाही.

बाबांना याबद्दल विचारा. फाशी का हवी, असं विचारू नका, ते उलटतपासणीसारखं लागेल. तो बाहेर येईल याची भीती वाटते का, एवढं विचारा. फाशी मागणाऱ्या किती तरी लोकांच्या मनात मरण हवंसं नसतं, तो माणूस पुन्हा रस्त्यात समोर येऊ नये एवढंच हवं असतं. बाबांचं तसं असेल, तर तुमच्या दोघांत वाटतं तेवढं अंतर नाही. तसं नसेल, त्यांना खरोखरच त्याचा जीव जायला हवा असेल, तर तेही ऐकून घ्या. ऐकणं म्हणजे मान डोलावणं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांना कुणीतरी सांगायला हवी, आणि मला शंका आहे की कुणी सांगितलेली नाही. उद्या सत्र न्यायालयाने फाशी दिली म्हणजे संपलं, असं होत नाही. उच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केल्याशिवाय ती अमलात येत नाही. मग सर्वोच्च न्यायालय, फेरविचार, राज्यपालांकडे आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज, त्यांच्या नकारावर पुन्हा कोर्ट. पुण्यात २००७ मध्ये कामावर निघालेल्या एका तरुणीवर बलात्कार करून तिचा खून करणाऱ्या दोघांना २०१२ मध्ये फाशी ठोठावली गेली, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, दयेचे अर्जही फेटाळले गेले. तरी अंमलबजावणीतल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ती पस्तीस वर्षांच्या कैदेत बदलली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये ते कायम ठेवलं. सतरा वर्षं. निर्भयाच्या आईवडिलांनी तर फाशीच्या तीन तारखा लागलेल्या आणि पुढे ढकलल्या गेलेल्या पाहिल्या, २२ जानेवारी, १ फेब्रुवारी, ३ मार्च, आणि मग २० मार्च २०२० ला ती झाली. बॉस्टन मॅरेथॉनच्या स्फोटात आठ वर्षांचा मुलगा गमावलेल्या आईवडिलांनी २०१५ मध्ये याच कारणासाठी जाहीर विनंती केली होती : कधीही सुटका नसलेली जन्मठेप द्या, अपिलं थांबवा, मृत्युदंडाचा आग्रह सोडा, नाहीतर हा माणूस आमच्या घरातून कधीच जाणार नाही. त्यांचं ऐकलं गेलं नाही. शिक्षा मृत्युदंडाची झाली, २०२० मध्ये अपिलात रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा कायम झाली.

जन्मठेपेवरही अपील होतं, हे मी झाकून ठेवत नाही. बाबांच्या तारखा लगेच थांबतील असं कुठल्याच शिक्षेत नाही. पण फाशीच्या वाटेवर थांबे जास्त आहेत, आणि बाबा आज ६८ आहेत. हे सांगताना त्यांना ‘म्हणून फाशी सोडा’ असं म्हणू नका. फक्त पुढे काय वाढून ठेवलंय ते माहीत करून द्या. ते हक्काने माहीत असायला हवं.

चूक होण्याचं भय तुम्ही लिहिलं नाहीत आणि तुमच्या खटल्यात पुरावा पक्का असेल. तरी नाशिक जिल्ह्यातलं एक प्रकरण मी विसरू शकत नाही. २००३ च्या दरोडा, बलात्कार आणि खुनांच्या प्रकरणात भटक्या समाजातल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयानेच २००९ मध्ये फाशी सुनावली होती. त्याच न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या फोटोंमधून या सहांना नव्हे, दुसऱ्याच लोकांना ओळखलं होतं, आणि तो पुरावा बाजूला ठेवला गेला होता. सहा निरपराध माणसांची सोळा वर्षं गेली, त्याबद्दल पुष्कळ बोललं गेलं. मला त्या घराचाही विचार येतो, ज्यांची माणसं मारली गेली. त्यांना सोळा वर्षांनी कळलं की ज्यांच्या फाशीची वाट पाहिली ते हे नव्हतेच.

बाबांशी बोलायचं कसं, यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. चार वर्षांत एकही तारीख न चुकवणारा बाप काय करतोय? मुलासाठी आता स्वयंपाकघरात ठेवायचं ताट नाही, लग्न ठरवायचं नाही, नोकरीची विचारपूस नाही. कोर्टात जाणं हे मुलासाठी करता येण्यासारखं एकमेव काम उरलंय, आणि फाशी हा त्या कामाचा शेवट म्हणून कुणीतरी त्यांच्या मनात बसवलाय. तुम्ही ‘फाशी नको’ म्हणालात की त्यांना ते काम काढून घेतल्यासारखं वाटेल. म्हणून सुरुवात त्या कामापासून करा. त्यांनी केलं म्हणून तो दोषी ठरला, हे त्यांना सांगा. हे खरंच आहे, आणि बहुधा अजून कुणी त्यांना म्हटलेलं नाही.

मग साधं बोला. ‘बाबा, तो सुटू नये असं मलाही वाटतं. पण फाशीच्या कागदावर माझी सही होत नाही. तुमची सही चूक आहे असं मी म्हणत नाही. माझी खोटी होईल म्हणून करत नाही.’ याहून जास्त पहिल्या दिवशी नको. वर मी सांगितलेली नावं, तारखा, निकाल यांचा मारा तर नकोच. सुनावणीच्या दिवशी नको, नातेवाइकांपुढे नको, रात्री झोपायच्या वेळी नको. ते चिडतील. ‘तुला तो आठवत तरी असेल का’ असंही म्हणतील. तेव्हा फाशीवर वाद घालू नका, भावाबद्दल बोला. त्याच्या आठवणी निघाल्या की तुम्ही दोघं पुन्हा एका बाजूला असाल.

त्यांनी बोलणंच टाकलं तर? तर कोर्टात निवेदन द्यायचं की नाही याचा पुन्हा विचार करा, असं मी स्पष्ट म्हणेन. तुमचं मत कोर्टापुढे गेलं नाही म्हणून ते खोटं ठरत नाही. न्यायाधीशांना कायद्यानेच दोन्ही बाजू पाहायच्या आहेत. तुम्ही एकमेव आधार नाही. पण म्हाताऱ्या बापाला दुसरंही मूल गमावल्यासारखं वाटलं, तर ती जखम भरायला वेळ लागेल. सही न करणं हे तुम्हाला सोडता येणार नाही. निवेदन देणं सोडता येईल. हा माझा कौल झाला. तुमची घरची नाडी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते.

नवऱ्याला एकदा नीट समजावा. तुम्ही एकट्या पडलात तर बाबांशी बोलणं जड जाईल. तुमच्याशी सहमत व्हा असं त्यांना म्हणू नका. तो प्रश्न पुन्हा विचारू नका, एवढं मागा. बाकी नातेवाइकांना कारणं देत बसायची गरज नाही.

आणि आई. ती गप्प आहे, पण जिन्यात बसणारी दुसरी आई तिला दिसते, आणि ते तिने तुम्हालाच सांगितलं. यावरून ती फाशीच्या विरोधात आहे असं धरू नका. कदाचित आहे, कदाचित ती फक्त थकलीये. तिला सहीबद्दल काकांनी विचारू नये अशी व्यवस्था करा, आणि तुम्हीही विचारू नका. तिला आपणहून काही म्हणायचं असेल तर वेळ द्या. तिला तुमच्या बाजूला ओढू नका, बाबांनीही ओढू नये. त्या दुसऱ्या बाईशी आत्ता बोलू नका, आईनेही बोलू नये. खटला चालू असताना दोन शब्दांचे दहा अर्थ निघतात. सगळं संपल्यावर आईला वाटलं तर वाटो.

घर भावाच्या पगारावर चालायचं असं लिहिलंत. नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. आरोपीला कोणती शिक्षा होते यावर तो अवलंबून नाही आणि ते आरोपीने दिलेले पैसेही नव्हेत, तेव्हा संकोच नको. मोफत वकीलही तिथूनच मिळू शकतो. तुम्हाला किंवा आईला झोप लागत नसेल, छातीवर दडपण येत असेल, तर १४४१६ या टेलीमानसच्या सरकारी क्रमांकावर कुठल्याही वेळी मराठीत बोलता येतं. बाबांना हा क्रमांक द्यायला जाऊ नका, ते आत्ता घेणार नाहीत.

शिक्षा सुनावतील त्या दिवशी बाबांबरोबर कोर्टात जा. जन्मठेप लागली तर लोक त्यांना ‘न्याय मिळाला नाही’ म्हणतील, तेव्हा तुम्ही शेजारी असायला हव्यात, आणि त्या दिवशी समाधान दाखवू नका. फाशी लागली तर प्रकरण उच्च न्यायालयात जाणारच आहे. तुमचं म्हणणं तिथेही मांडता येईल, पुढे दयेच्या अर्जाच्या वेळीही राष्ट्रपतींना पत्र लिहिता येईल. सगळं या एका तारखेला बोलून मोकळं व्हायची घाई करू नका. या आठवड्यात करायच्या गोष्टी दोनच : वकिलाला भेटणं, आणि बाबांशी बोलणं.